डोळ्यांची साक्ष तपासणारा शास्त्रज्ञ : अर्न्स्ट माख

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब समुद्रकाठी गेलो होतो. तेथे सूर्यास्तसमयी मोबाइलवर एक चलचित्र घेतले होते. ते घरी परतल्यावर संगणकावरून वायफायच्या द्वारे बैठकीतील टीव्हीवर पाठवून सर्वांनी मिळून पाहावे, असे ठरले. शेजारची मंडळीही जमली. समुद्र उत्तम दिसला, मुलांचे चेहरे ओळखू आले. आकाश मात्र बिघडले. क्षितिजावरील केशरी रंग वर जाता जाता निळ्या रंगात किती अलगद विरून गेला होता! पडद्यावर त्याच्या जागी एकावर एक रचलेले रंगांचे पट्टे दिसू लागले. जणू डोंगरउतारावर बांध घालून काढलेली भाताची खाचरेच! आमच्या धाकट्या चिरंजीवांनी टीव्ही नादुरुस्त झाल्याचा निकाल दिला. वृद्ध मातोश्रींनी चष्मा काढून पदराने पुसला व दोष आपल्या डोळ्यांकडे घेतला. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे अर्धे तथ्य होते. ते कसे, हे ज्याच्या संशोधनामुळे आज सांगता येते, त्या पुरुषाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, असे त्याच रात्री आमच्या मनात आले.

त्या पुरुषाचे नाव अर्न्स्ट माख. विमानाचा वेग सांगताना माख १, माख २ असे जे शब्द वर्तमानपत्रांत येतात, त्यांतील माख तो हाच.

अर्न्स्टचा जन्म इ. स. १८३८ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील मोराविया प्रांतात, ब्रनो शहरानजीकच्या ख्रलित्से या गावी झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. वडील योहान हे सुशिक्षित गृहस्थ असून त्यांनी काही काळ खाजगी शिक्षकाचे काम केले. पुढे व्हिएन्नाजवळील उंटरझीबेनब्रुन या खेड्यात शेत घेऊन ते तेथे स्थायिक झाले. शेतावरच्या त्या एकान्तात बालकाची दृष्टी फार चौकस बनली. वय तीन वर्षांचे असताना चित्रातील मेज पाहून तो गोंधळात पडे. मेजाची जवळची कड रुंद व दूरची कड अरुंद का काढली आहे, हे त्यास उमगेना. खरे मेज तर चारही बाजूंनी सरळ असते! आपण सर्वच जण या कोड्यातून जातो व ते विसरून जातो. अर्न्स्ट ते विसरला नाही. पाच वर्षांच्या सुमारास त्याने एका पवनचक्कीच्या आत डोकावून पाहिले. वाऱ्याने फिरणारा आस, त्यावरील दाते व त्या दात्यांनी फिरविलेले जाते हे सारे न्याहाळल्यावर केवळ आश्चर्य करण्याऐवजी कारण शोधावे, ही गोष्ट त्याच्या मनावर कायमची ठसली.

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी त्यास झायटेनस्टेटेन येथील मठाच्या शाळेत घालण्यात आले. तेथे लॅटिन व ग्रीक भाषांची व्याकरणे घोकावी लागत. अर्न्स्टला ती घोकता येईनात. वर्ष संपले तेव्हा मुलाच्या अंगी बुद्धी नाही, यास एखादा धंदा शिकवावा, असा अभिप्राय गुरुजनांनी देऊन त्यास घरी पाठविले. आम्ही स्वतः शिक्षक आहो. वर्षअखेर प्रगतिपत्रके भरताना या प्रसंगाची आठवण आमच्या लेखणीस अनेकदा अडविते, हे येथे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. त्या गुरुजनांच्या मनात काही वाईट होते, असे नव्हे. त्यांच्याजवळ जे एक माप होते, त्या मापात तो मुलगा बसला नाही, इतकेच. परंतु त्यांनी मापाचा दोष मुलाच्या माथी मारला.

वडील मात्र हताश झाले नाहीत. सकाळी ते स्वतः मुलास शिकवीत व दुपारी त्यास शेतीच्या कामास लावीत. शिवाय अर्न्स्टच्या स्वतःच्या इच्छेवरून आठवड्यातून दोन दिवस शेजारच्या गावी एका सुताराकडे त्यास उमेदवारीस ठेवले. इ. स. १८४८ च्या क्रांतीचा बीमोड झाल्यावर ऑस्ट्रियात दडपशाहीचे दिवस आले होते. मोठेपणी अमेरिकेस जावे व तेथे हातच्या कसबावर पोट भरावे, असा त्या मुलाचा बेत होता. अमेरिकेस जाण्याचा योग आला नाही. पण रंधा व करवत यांनी हातास जे वळण लावले, ते पुढे प्रयोगशाळेत जन्मभर उपयोगी पडले. पंधराव्या वर्षी तो पुन्हा शाळेत गेला, या खेपेस क्रेमझियर येथील शाळेत, आणि इ. स. १८५५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला. ज्यास बुद्धिहीन ठरविले होते, त्याने इ. स. १८६० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तेथील डॉक्टरची पदवी मिळविली.

पदवी मिळाली, परंतु पैसा नव्हता. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांस लागणारी उपकरणे फार महाग. तरुण माख वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस व्याख्याने देऊन कसाबसा चरितार्थ चालवीत. तेव्हा अल्प साधनांत होण्याजोगे संशोधन कोणते, याचा विचार करता त्यांची दृष्टी मनुष्याच्या इंद्रियांकडे वळली. डोळा व कान ही उपकरणे विकत घ्यावी लागत नाहीत. ती ज्याच्या त्याच्यापाशी असतात! इ. स. १८६४ मध्ये ग्राझ येथे त्यांस गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८६५ साली, त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला ज्याच्याशी आमच्या टीव्हीवरील पट्ट्यांचा निकटचा संबंध आहे.

त्यांचा प्रयोग असा होता. एका पांढऱ्या चकतीवर विशिष्ट आकाराची काळी आकृती काढावयाची व ती चकती वेगाने फिरवावयाची. वेग पुरेसा असला म्हणजे काळे व पांढरे वेगवेगळे न दिसता डोळ्यास त्यांचे मिश्रण दिसते. आणि जेथे काळा भाग अधिक, तेथे करडा रंग अधिक गडद होतो. आकृती माख यांनी अशी योजली होती की, मध्यभागी सर्वत्र सारखा उजेड असावा, तेथून पुढे तो क्रमाक्रमाने कमी होत जावा व कडेच्या भागात पुन्हा सर्वत्र सारखा अंधार असावा. कोठे किती उजेड आहे, हे भूमितीनेच ठरलेले होते. त्यात संशयास जागा नव्हती. तथापि चकती फिरू लागताच, उजेड जेथून उतरू लागतो तेथे एक लखलखीत कडे दिसले व जेथे उतार संपतो तेथे एक काळेभोर कडे दिसले. ही दोन्ही कडी चकतीवर नव्हती. ती पाहणाराच्या दृष्टीत उत्पन्न झाली होती!

पॅरिस येथील गोबेलिन रंगशाळेचे प्रमुख शेव्हरल यांनी इ. स. १८३९ मध्येच असे नमूद केले होते की, करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर प्रत्येक पट्टी फिकट पट्टीलगतच्या कडेस अधिक गडद व गडद पट्टीलगतच्या कडेस अधिक उजळ भासते. माख यांनी एक पाऊल पुढे टाकून त्याचे कारण सुचविले. डोळ्याच्या आतील पडद्यावरील प्रत्येक बिंदू आपल्यापुरते पाहत नाही. शेजारचा बिंदू उजळला की तो याचा प्रभाव कमी करितो. त्यामुळे सपाट भागाकडे डोळ्याचे दुर्लक्ष होते आणि जेथे फरक आहे तेथे तो फरक वाढवून दाखविला जातो. त्या काळी या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे इ. स. १९५० नंतरच्या दशकात हार्टलाइन व रॅटलिफ या अमेरिकन संशोधकांनी, घोड्याच्या नालासारखे कवच असलेल्या लिम्युलस नामक समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर प्रयोग करून, शेजारी तंतू एकमेकांस खरोखरच दाबून धरतात, हे दाखविले. हार्टलाइन यांस १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज असे दिसून आले आहे की, या कार्यात डोळ्याबरोबर मेंदूचाही भाग असतो. तरी माख यांनी दाखविलेली दिशा खरी ठरली. त्या कड्यांस शास्त्रात माख-पट्टे असे नाव पडले आहे.

विद्यार्थ्यांनी हे घरीच पडताळून पाहावे. रात्री दिव्याखाली पांढरा कागद ठेवून त्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली पाडावी. सावलीची कड अंधूक असते. त्या अंधूक भागाच्या बाहेरच्या सीमेवर एक उजळ रेघ व आतील सीमेवर एक काळसर रेघ दिसेल. कागदावर अशी रेघ कोणीही ओढलेली नसते.

आता आमच्या बिघडलेल्या आकाशाकडे वळू. चलचित्रातील प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांच्या मापांनी ठरतो, व सामान्य चित्रात प्रत्येक मापास ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. तिहींचा गुणाकार केला तर १,६७,७७,२१६ रंग होतात. ही संख्या प्रचंड वाटते खरी; परंतु संध्याकाळच्या आकाशास त्यांतील फार थोडे रंग उपयोगी पडतात. पडद्यावर ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळी आहेत, त्यांपैकी ८०० ओळी आकाशाने व्यापल्या आहेत, आणि वरपासून खालपर्यंत उजेडात अवघ्या २० पायऱ्यांचा फरक आहे, असे समजा. मग प्रत्येक पायरी ४० ओळींची पडणार. म्हणजे पट्टा दिसावयाचाच. त्यात आणखी भर पडते ती अशी : चित्र वायफायवरून पाठविताना संगणक त्याचे आकारमान घटवितो व त्या खटपटीत आकाशातील अगदी सूक्ष्म रवाळपणा अनावश्यक समजून पुसून टाकितो. हा रवा पायऱ्यांचे सांधे झाकीत असतो. तो गेला की सांधे उघडे पडतात. आणि सांधा उघडा पडला की माख यांनी सांगितलेला डोळ्याचा स्वभाव आपले काम करितो. दोन छटांतील नाममात्र अंतर तो ठळक रेघेसारखे करून दाखवितो. म्हणून आम्ही म्हटले की, चिरंजीव व मातोश्री हे दोघेही अर्धे अर्धे बरोबर होते. पायऱ्या चित्रात होत्या. त्यांचे बांध डोळ्याने उंच केले होते.

उपायही याच ज्ञानातून निघतात. प्रथम तेच चलचित्र मूळ मोबाइलवर पाहावे. तेथे आकाश निर्मळ असेल, तर दोष वाटेत शिरला असे समजावे, व संगणकाने चित्र नव्याने न घडविता मूळ फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे पाठवावी, अशी योजना करावी. नव्याने घडविणे भागच असेल, तर आकारमानाचा लोभ सोडून दर सेकंदास अधिक माहिती जाऊ द्यावी आणि टीव्हीस चालत असेल तर ८ ऐवजी १० बिटांची पद्धत निवडावी. १० बिटांत १०२४ पायऱ्या होतात. आमच्या उदाहरणातील २० पायऱ्यांच्या ८० होऊन एकेक पायरी ४० ऐवजी १० ओळींची होते. मात्र मूळ चित्रातच जी छटा नोंदली गेली नाही, ती केवळ बिट वाढविल्याने परत येत नाही. अशा वेळी पट्टे पुसट करणारी चाळणी लावून चित्रात बारीक रवा मुद्दाम मिसळतात. फिरत्या चकतीवरील काळे-पांढरे जसे डोळा एक करून घेतो, तसेच हे विखुरलेले कणही तो एक करून घेतो व त्यास पुन्हा अलगद उतार दिसतो. शेवटचा उपाय टीव्हीच्याच हाती आहे. चित्र भडक करणारी योजना बंद करून सिनेमाची योजना लावावी, छटा मऊ करण्याची सोय असल्यास ती चालू करावी, आणि शार्पनेस नावाचा जो गुण असतो तो उतरवावा. कारण शार्पनेस म्हणजे प्रत्येक कडेच्या दोन्ही अंगांस उजळ व काळी रेघ ओढणे. जे काम डोळा आपण होऊन करितो, तेच यंत्राने दुसऱ्यांदा केले तर पट्टे दुप्पट ठळक का होणार नाहीत? आमच्या घरी मूळ फाइल थेट पाठविली व शार्पनेस उतरविला, एवढ्यानेच आकाश बहुतांशी पूर्ववत झाले.

इ. स. १८६७ मध्ये माख प्राग येथील विद्यापीठात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले व पुढील २८ वर्षे त्यांनी तेथे काढली. शाळेतील मुलांसाठी त्यांनी विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिली, आणि १८८७ साली पदार्थविज्ञान व रसायन यांच्या अध्यापनास वाहिलेले एक नियतकालिक काढण्यात भाग घेतला. ज्यास शाळेने नाकारले, त्याने शाळेचे शिक्षण सुधारण्यासाठी लेखणी उचलावी, याहून शोभिवंत उत्तर कोणते असू शकेल?

याच काळात त्यांचे दुसरे मोठे कार्य झाले. बंदुकीची गोळी ध्वनीहून अधिक वेगाने जाते, तेव्हा तिच्यापुढील हवेचे काय होते? हवा डोळ्यास दिसत नाही व गोळीही दिसत नाही. माख यांच्या सूचनेवरून प्राध्यापक झाल्खर यांनी इ. स. १८८६ मध्ये, फ्यूमे या बंदरातील नाविक विद्यालयात, विजेच्या ठिणगीच्या क्षणमात्र प्रकाशात धावत्या गोळीची छायाचित्रे घेतली. नावेच्या पुढे पाणी दुभंगून जशी लाट उठते, तशी गोळीच्या टोकाशी दाबलेल्या हवेची शंकूच्या आकाराची लाट त्या छायाचित्रांत उमटली. पुढे माख यांचे पुत्र लुडविग यांनीही या प्रयोगांत पित्यास साहाय्य केले. वस्तूचा वेग व ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरास, १९२९ साली, आकेरेट या स्विस अभियंत्याने माख अंक असे नाव दिले. जे आहे पण दिसत नाही, ते या छायाचित्रांनी दाखविले. जे दिसते पण नाही, ते फिरत्या चकतीने दाखविले होते. एकाच पुरुषाने डोळ्याच्या दोन्ही उणिवा अशा मोजल्या.

सुखाबरोबर दुःखही त्यांच्या वाट्यास आले. इ. स. १८९४ मध्ये त्यांचा हाइनरिख हा मुलगा, विद्यापीठाची पदवी नुकतीच मिळविली असताना, अकाली वारला. दुसऱ्या वर्षी माख व्हिएन्ना येथे विज्ञानाच्या इतिहासाचे व तत्त्वांचे अध्यापक म्हणून गेले. १८९८ साली आगगाडीतून प्रवास करीत असता त्यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय लुळे पडले. शुद्ध हरपली नव्हती, म्हणून त्या अवस्थेतही आपल्या शरीरात काय घडत आहे याचे त्यांनी निरीक्षण केले व पुढे ते लिहून ठेविले. १९०१ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांची ऑस्ट्रियन संसदेच्या वरिष्ठ सभागृहात नेमणूक झाली. सरदारकीचा मान मात्र त्यांनी नाकारला. कोळशाच्या खाणीतील मजुरांचे काम दिवसास नऊ तासांवर आणणाऱ्या विधेयकास त्यांनी तशा पंगू स्थितीतही पाठिंबा दिला. १९०५ मध्ये ज्ञान व प्रमाद या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

परंतु प्रमाद त्यांच्याही हातून घडला, आणि तो झाकून ठेवणे चरित्रकारास शोभणार नाही. इंद्रियांच्या अनुभवास जे येत नाही, ते सत्य म्हणून मानू नये, असा माख यांचा दंडक होता. या दंडकाने विज्ञानातील पुष्कळ केरकचरा झाडून निघाला; यंत्रशास्त्रावरील त्यांच्या १८८३ च्या ग्रंथाने तरुण आइन्स्टाइन यांस विचाराची नवी वाट दिसली. पण याच दंडकाने माख यांनी अणूंचे अस्तित्वही नाकारले. अणू म्हणजे हिशेबाची सोय, खरी वस्तू नव्हे, असे त्यांचे मत होते. व्हिएन्ना येथीलच बोल्ट्झमान हे थोर शास्त्रज्ञ अणूंच्या बाजूने झगडले व १९०६ मध्ये निवर्तले. त्यानंतर लवकरच पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचाली मोजून अणूंचा पक्ष निःसंशय सिद्ध केला. ज्याने न दिसणारी हवेची लाट जगास दाखविली, त्याने न दिसणाऱ्या अणूस मात्र नकार द्यावा, हे आश्चर्यच! डोळ्याच्या साक्षीवर इतका संशय घेणारास स्वतःच्या मतावरही तेवढाच संशय घेणे कठीण गेले.

१९१३ साली माख आपल्या पुत्राकडे म्युनिकनजीकच्या फाटरस्टेटेन येथे राहावयास गेले. तेथेच, वयाची ७८ वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारी १९१६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून डोळे खोटे बोलतात असे शिकू नका. डोळा फरक वाढवून दाखवितो म्हणूनच आपणांस धुक्यातून वाट दिसते व गर्दीतून आईचा चेहरा ओळखू येतो. शिकावयाचे ते इतकेच की, साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी ती मापून पाहावी. मग ती साक्ष डोळ्याची असो, वर्गातील प्रगतिपत्रकाची असो किंवा स्वतःच्या आवडत्या मताची असो. दोन मुलांच्या गुणांत पाच-सहा गुणांचा फरक असतो. आपण मोठी माणसे त्याचे केवढे बांध घालितो! पालकहो, त्यांतील किती बांध खरोखर आहेत व किती आपल्या दृष्टीने उभे केले आहेत, हे या वर्षीचा निकाल हाती घेताना आपण सर्वांनीच एकदा तपासून पाहू या.

आमच्या मातोश्रींनी ते चलचित्र पुन्हा पाहिले. चष्मा जुनाच आहे.